चहूदिशांना सारखा आवाज

सर्वांना उद्देशून बोललेला शब्द सर्वांपर्यंत सारखाच पोहोचतो का, आणि पोहोचत नसेल तर तो दोष कोणाचा, हा धर्मचिंतनातला जुना प्रश्न आहे. त्याचे सर्वांत काटेकोर रूप आज एफएम प्रक्षेपकाच्या अँटेनात दिसते. प्रक्षेपक कमी शक्तीचा असेल तर अधिकच. मोठ्या केंद्राला शक्तीच्या जोरावर चुका झाकता येतात. ५० वॅटच्या केंद्राला मात्र कोणाच्या वाट्याला किती गेले याचा हिशेब टाळता येत नाही.

वैशेषिकांनी शब्दाला आकाशाचा गुण मानले. मग एका ठिकाणी उमटलेला शब्द दूरच्या कानापर्यंत जातो कसा, याचे दोन खुलासे न्याय-वैशेषिक परंपरेत झाले, आणि १७ व्या शतकातल्या विश्वनाथ पंचाननाच्या कारिकावलीत ते शेजारीशेजारी आले आहेत. पहिला वीचीतरंगन्याय: पाण्यातली लाट वर्तुळ करीत वाढते, तसा पहिला शब्द आपल्याभोवती दुसरा उपजवतो, दुसरा तिसरा, आणि असा तो सर्व बाजूंना फाकत जातो. दुसरा कदंबगोलकन्याय: कदंबाच्या फुलाला एकाच वेळी सर्वांगाने केसर फुटतात, तसे पहिल्या शब्दातून दहा दिशांना दहा वेगळे शब्द निघतात. वाद शब्द एक की अनेक, एवढाच होता. दहाही दिशांचा त्या शब्दावर सारखा हक्क आहे, हे दोन्ही पक्षांनी न बोलता मान्य केले होते.

या दृष्टांतांवरून पूर्वजांना रेडिओ ठाऊक होता असे सांगणारे अधूनमधून भेटतात. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. वैशेषिकांचा विषय कानाला ऐकू येणारा ध्वनी हा होता, आणि ध्वनीपुरते त्यांचे गृहीतक फारसे चुकलेलेही नव्हते. ध्वनिलहरीत हवेचे कण लहर चालली त्याच रेषेत मागेपुढे होतात. एखादा गोल सर्वांगाने सारखा फुगत-आकसत राहिला, तर निदान तत्त्वतः तो दहा दिशांना समान आवाज देऊ शकतो. रेडिओलहरीला ही मुभा नाही. तिचे विद्युतक्षेत्र तिच्या वाटेला काटकोनात डोलते. म्हणून अँटेनाभोवती एक मोठा गोल कल्पून त्यावर जागोजागी क्षेत्राची दिशा दाखवणारे बाण काढले, तर ते सगळे गोलाच्या पृष्ठभागावर आडवे पडतात. असे बाण संपूर्ण गोलावर कुठेही खंड न पडता बसवता येत नाहीत, हे डच गणिती ब्राउवर याने १९१२ मध्ये सिद्ध केले. डोक्यावरचे केस कसेही विंचरले तरी भोवरा राहतोच, त्यातला हा प्रकार. भोवऱ्याच्या जागी क्षेत्र शून्य होते. सर्वत्र एकाच रेषेत डोलणारी लहर सोडणारा कोणताही अँटेना निदान एका दिशेला मुका असतो. अभियांत्रिकीच्या पुस्तकांतला समदिश अँटेना हा केवळ तुलनेसाठी कल्पिलेला आहे. बाजारात तो मिळत नाही आणि मिळणारही नाही.

तेव्हा अँटेना निवडणे म्हणजे मौन कोणत्या दिशेला ठेवायचे ते ठरवणे. सर्वांत साधा प्रकार अर्धतरंग डायपोल, म्हणजे एका रेषेत बसवलेल्या दोन नळ्या आणि मध्ये केबलची जोडणी. तो उभा लावला तर क्षितिजाच्या आठही दिशांना सारखा बोलतो. ऊर्ध्व आणि अधर या उरलेल्या दोन दिशांना काहीच जात नाही. आडवा लावला तर नळ्यांच्या दोन टोकांच्या दिशा मुक्या पडतात. दहातल्या आठ दिशा राखून दोन सोडायच्या असतील, तर आकाश आणि मनोऱ्याचा पायथा सोडणे शहाणपणाचे, कारण तिथे श्रोते नसतात किंवा इतके जवळ असतात की इकडेतिकडे परावर्तित झालेली लहरही त्यांना पुरते. ग्राउंड प्लेन हा दुसरा प्रचलित प्रकार. त्यात पाव तरंगलांबीची एक उभी सळई आणि तिच्या तळाशी चार रेडियल, म्हणजे बाहेर फाकलेल्या सळया, असतात. रेडियल काटकोनात ठेवले तर त्याचा अवरोध ३६ ओहमच्या आसपास येतो. ते ४५ अंशांत खाली झुकवले की ५० ओहमच्या जवळ जातो आणि केबलशी जुळतो.

अँटेनाची ‘गेन’ म्हणून जी संख्या जाहिरातीत छापतात, तिच्याविषयी मोठा गैरसमज आहे. अँटेना शक्ती निर्माण करीत नाही. तो एका दिशेचे काढून दुसऱ्या दिशेला देतो, बस. एकावर एक दोन डायपोल योग्य अंतराने बसवले तर क्षितिजाकडे जाणारी शक्ती जवळजवळ दुप्पट होते, कारण वरखाली तिरपी जाणारी शक्ती काढून घेतलेली असते. जपानच्या तोहोकू विद्यापीठातील उदा आणि यागी यांच्या १९२० च्या दशकातल्या कामातून आलेला, घरांच्या छपरांवर टीव्हीसाठी दिसायचा तो अनेक काड्यांचा अँटेना पुढच्या बाजूला कितीतरी पट देतो. ते सगळे पाठीमागून आणि बाजूंनी काढलेले असते. इथे दान आहे तिथे तेवढीच वजावट आहे.

भारतात या आवाजाला कायद्याची चौकट आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उभ्या राहिलेल्या खटल्यात रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरवली. २००६ च्या धोरणाने स्थानिक संस्थांना सामुदायिक रेडिओची वाट मोकळी करून दिली: प्रभावी प्रक्षेपित शक्ती सर्वसाधारणपणे १०० वॅटच्या आत, अँटेनाची जमिनीपासूनची उंची किमान १५ आणि कमाल ३० मीटर, आवाका ५ ते १० किलोमीटर. सातारा जिल्ह्यात म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून ९०.४ मेगाहर्ट्‌झवर अशीच चालते. परवाना मात्र हवाच. बिहारमधल्या वैशाली जिल्ह्यात मनसूरपूर या गावी एका रेडिओ दुरुस्ती करणाऱ्या तरुणाने घरी बनवलेल्या प्रक्षेपकावर चालवलेले लोकप्रिय केंद्र २००६ मध्ये बंद करावे लागले. या नियमांत एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. १०० वॅटची मर्यादा ज्या दिशेला अँटेना सर्वांत मोठ्याने बोलतो त्या दिशेला मोजली जाते. जास्तीत जास्त किती बोलावे, हे कायदा सांगतो. कमीत कमी कोणाला ऐकू आले पाहिजे, ते तो केंद्रावर सोडतो.

पालघर तालुक्यातल्या दांडी गावी असा प्रक्षेपक उभा करायचा ठरला, तर या मोकळ्या जागेत नेमका काय पेच पडतो ते पाहण्यासारखे आहे. दांडी हे समुद्राला लागून असलेले मच्छीमारांचे गाव, शेजारी उच्छेळी आणि नवापूर. उत्तरेला तारापूरचे अणुविद्युत केंद्र आहे, त्याच्या पहिल्या दोन संचांतून १९६९ मध्ये वीज निघू लागली. पूर्वेला काही किलोमीटरवर तारापूर औद्योगिक वसाहत आणि पश्चिम रेल्वेवरचे बोईसर, जिथे कारखान्यांमुळे उत्तर भारतातून आलेला मोठा कामगारवर्ग राहतो. त्याच्याही पलीकडे डोंगरांच्या पायथ्याशी वारली पाडे. पश्चिमेला अरबी समुद्र.

किनाऱ्यावरच्या केंद्राला कोणताही व्यवहारी तंत्रज्ञ एकच सल्ला देईल: पाठ समुद्राकडे करा. पाण्याकडे गेलेली शक्ती वाया जाते, दिशादर्शी अँटेनाने ती जमिनीकडे वळवली तर तेवढ्याच वॅटमध्ये बोईसरपर्यंत आवाज खणखणीत जाईल. डोकी मोजली तर हा सल्ला बिनतोड आहे. दांडीत तो लागू पडत नाही, कारण इथल्या गावाचा एक भाग वर्षातले बरेच महिने त्या वाया जाणाऱ्या दिशेलाच असतो. किनारा मागे पडला की मोबाइलचे जाळे तुटते. वाऱ्याचा इशारा, घरचा निरोप किंवा बाजारातला भाव होडीवर ऐकायचा तर तो रेडिओनेच. औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्यामुळे मासळीचे नुकसान होत असल्याच्या तक्रारीवरून मांगेला या मच्छीमार समाजाच्या संघटनेला राष्ट्रीय हरित लवादापर्यंत जावे लागले, एवढे लक्षात घेतले तरी या पट्ट्यात कोणाला बोलायला आणि ऐकायला जागा हवी आहे ते कळते. बोईसरच्या चाळीतल्या श्रोत्याला दहा पर्याय आहेत. तेव्हा श्रोत्यांची संख्या एकीकडे आणि त्यांची गरज दुसरीकडे ओढते, आणि अँटेनाला दोन्ही पुरी करता येत नाहीत. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या ओढून वर घेतलेल्या असतात, तेव्हा पश्चिम दिशा खरोखरच रिकामी होते. पण मनोऱ्यावरचा अँटेना हंगामागणिक फिरवीत नाहीत.

अशा ठिकाणी उभा, आठ दिशांना समान असा अँटेनाच योग्य ठरतो, आणि तोही मनोऱ्याच्या माथ्यावर. हे शेवटचे तांत्रिक वाटते तेवढे किरकोळ नाही. चढायला सोपे म्हणून डायपोल लोखंडी मनोऱ्याच्या पूर्व अंगाला, माथ्याखाली दोन-तीन मीटरवर अडकवला, तर मनोऱ्याचे लोखंडच लहरींत हस्तक्षेप करते आणि समान म्हणून विकत घेतलेल्या अँटेनाचा आकार बदलतो. मनोऱ्यापलीकडच्या होड्यांच्या वाट्याला फार कमी येऊ शकते. कोणी पश्चिमेला वगळायचे ठरवले नव्हते. बहुतेक पक्षपात असेच घडतात.

इथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. निसर्गातच समानता अशक्य असेल, तर असमान वागणुकीला हा आयता आधार मिळत नाही का? गीतेच्या पाचव्या अध्यायातल्या समदर्शनाच्या कल्पनेवर नेमका हाच प्रयोग झाला. ज्ञानी माणूस सर्वांना सम पाहतो खरा, पण पाहणे सम असले तरी वागणे सम असायला हवे असे नाही, असा बचाव पिढ्यान्‌पिढ्या ऐकवला गेला आणि त्याच्या आडोशाने जातिभेद सुखेनैव चालला. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायात वेद ऐकण्याचा आणि शिकण्याचा अधिकार शूद्रांना नाकारला आहे, आणि आचार्यांच्या भाष्यांनी तो नकार उचलून धरला. कोणत्या कानावर शब्द पडू नये याची ती धर्माने आखलेली मौनरेषा होती. ज्ञानेश्वरांना ती खटकली. १२९० च्या सुमारास पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात त्यांनी वेदाला कृपण म्हटले आहे, कारण तो तीनच वर्णांच्या कानाशी लागला.

अँटेनाचे उदाहरण त्या बचावाच्या बाजूने साक्ष देत नाही, उलट तो अधिक अवघड करून ठेवते. मौनाची एक तरी दिशा अटळ आहे, हे गणित सांगते. ती कुठली, हे गणित सांगत नाही. उभ्या डायपोलचे शून्य आकाशाकडे वळवणारा आणि तेच शून्य आडवे पाडून एखाद्या वस्तीवर टाकणारा, दोघेही एकाच प्रमेयाच्या आत आहेत. पहिल्याने श्रोता नसलेली दिशा शोधली, दुसऱ्याने श्रोता नको असलेली. वेदाधिकाराचा नकार या दुसऱ्या जातीचा होता. जन्माने श्रोता ठरवणाऱ्याला ‘निसर्गच असा आहे’ हे म्हणण्याची सोय उरत नाही, कारण शून्य हलवता येत होते आणि हलवले नाही. समदर्शन म्हणजे वाटा सारखा असणे नव्हे, हे मान्य करूनही वाटा कमी पडणाऱ्याच्या बाजूने जाब विचारता येतो: ही दिशा का?

दिशेनंतर येते ध्रुवण, म्हणजे लहर उभी डोलते की आडवी. इथे बोलणाऱ्याने ऐकणाऱ्याची ठेवण घ्यावी लागते. उभ्या लहरीला उभी काडी चांगली पकडते, आडवी काडी फारच कमी. गाडीवरची एरियल उभी असते. खिशातल्या रेडिओची काडी लोक ओढून साधारण उभी धरतात. मोबाइलवर एफएम ऐकताना इअरफोनची वायरच अँटेना होते आणि ती कानापासून खाली लोंबते. म्हणून छोट्या केंद्राने सहसा उभे ध्रुवण निवडावे. मोठी केंद्रे गोल फिरणारे ध्रुवण वापरतात; त्यात काडी कशीही धरली तरी चालते, पण शक्ती उभ्या आणि आडव्या अशा दोन वाट्यांत विभागते. ५० वॅटच्या केंद्राला ही उदारता महाग पडते.

श्रोत्याप्रमाणे बोलण्याची ठेवण बदलण्याचा एक फार जुना दाखला दांडीच्याच पालघर जिल्ह्यात आहे. नालासोपाऱ्याजवळ, म्हणजे प्राचीन शूर्पारकात, अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना सापडला आणि नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये भुईगावात मिळाला. सोपाऱ्यातला लेख ब्राह्मीत आहे. वायव्येला शाहबाजगढी आणि मानसेहरा इथे त्याच आज्ञा खरोष्ठीत आहेत. कंदाहारला अशोकाचा धर्म ग्रीक आणि अरेमाइक भाषांत बोलतो. चौदाव्या लेखात तर राजाने स्वतःच सांगून टाकले आहे की हा मजकूर कुठे संक्षिप्त, कुठे मध्यम, कुठे विस्तृत आहे आणि सगळे सगळीकडे लिहिलेले नाही. साम्राज्यातल्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगायची असेल तर ती प्रत्येकाला एकाच रीतीने सांगता येत नाही, याची ही कबुली आहे. कलिंगातल्या अधिकाऱ्यांसाठीच्या लेखात तो ठराविक दिवशी वाचून दाखवावा आणि ऐकणारा एकटा असला तरी त्याला ऐकवावा, असेही म्हटले आहे. श्रोतृसंख्येवर दिशा ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

जैन परंपरेने हा प्रश्न सर्वांत धिटाईने सोडवला. तीर्थंकराची धर्मसभा म्हणजे समवसरण. त्यात तीर्थंकर पूर्वेकडे तोंड करून बसतात आणि उरलेल्या तीन दिशांना देव त्यांच्या प्रतिमा उभ्या करतात, त्यामुळे पाठ कोणाकडेच होत नाही. वाणी अशी की देव, माणसे आणि पशुपक्षी आपापल्या भाषेत ती समजून घेतात. ज्या दोन अडचणींशी अँटेना झगडतो, दिशा आणि ध्रुवण, त्या दोन्ही इथे अतिशयाने, म्हणजे तीर्थंकराच्या अलौकिक प्रभावाने, मिटवल्या आहेत. विशेष म्हणजे मोठी एफएम केंद्रे पहिल्या अडचणीवर जवळजवळ हाच तोडगा काढतात: मनोऱ्याच्या चारही अंगांना चार पॅनेल लावतात. त्याची किंमत म्हणजे शक्ती चौघांत वाटली जाते आणि दोन पॅनेलांच्या मधल्या कोपऱ्यांत आवाज थोडा खाली-वर होतो. देवांना ही अडचण नसावी. तरीही त्या वाणीलाही एक सीमा दिली आहे. १२ व्या शतकात हेमचंद्राने अभिधानचिंतामणीत तीर्थंकराच्या वाणीचे वर्णन एक योजनभर जाणारी असे केले. योजनाची मापे ग्रंथागणिक वेगळी, पण १२-१३ किलोमीटर धरले तर सर्वज्ञाचा आवाका आणि सामुदायिक रेडिओचा आवाका यांत फार अंतर राहत नाही.

आवाका वाढवायचा सरळ मार्ग शक्ती नसून उंची आहे. सपाट प्रदेशात दूरच्या श्रोत्यापर्यंत थेट आलेली लहर आणि जमिनीवरून परतलेली लहर एकमेकींना बरेचसे मारून टाकतात. अँटेना जितका उंच तितके हे मारणे कमी होते. ढोबळमानाने उंची १५ वरून ३० मीटर केली तर लांबच्या ठिकाणी शक्ती चौपट केल्याइतका फायदा मिळतो. ३० मीटरवरून रेडिओ क्षितिज साधारण २२-२३ किलोमीटरवर असते, आणि होडीवरचा रेडिओ पाण्यापासून २ मीटर उंच धरला तर आणखी पाच-सहा किलोमीटर. क्षितिज दिसते म्हणून आवाज तिथवर स्पष्ट जाईल असे नव्हे. कायद्याचा १० किलोमीटरचा अंदाज वास्तवाच्या जवळचा आहे.

निवड झाली की जुळवणी. ९०.४ मेगाहर्ट्‌झची तरंगलांबी ३.३२ मीटर. तिच्या निम्मे १.६६, पण धातूच्या टोकांच्या परिणामामुळे प्रत्यक्ष डायपोल सुमारे ५ टक्के आखूड, म्हणजे १.५८ मीटरच्या आसपास लागतो, प्रत्येक बाजूला ७९ सेंटीमीटर. १०७.८ मेगाहर्ट्‌झला हीच एकूण लांबी १.३३ मीटरवर येते. नळ्या दोन-तीन सेंटीमीटर लांब ठेवून सुरुवात करतात, कारण कापता येते, वाढवता येत नाही. दोन्ही बाजूंचा एकेक सेंटीमीटर काढला की अनुनाद साधारण १ मेगाहर्ट्‌झने वर सरकतो. मोजायचे ते एसडब्ल्यूआर, म्हणजे पाठवलेल्यापैकी किती परत आले याचा निर्देशांक. तो १ असेल तर काहीच परतत नाही, १.५ ला ४ टक्के, २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के परत येते, आणि परत आलेली शक्ती प्रक्षेपकाच्या ट्रान्झिस्टरला तापवते. दीडच्या खाली आला की बहुतेक लोक पाना खाली ठेवतात.

इथेच या विषयातला सर्वांत बोधक सापळा आहे. डमी लोड नावाचे एक साधन असते: ५० ओहमचा एक रोधक, डबीत बंद केलेला. तो जोडला तर एसडब्ल्यूआर जवळजवळ १ येतो, कुठल्याही अँटेनापेक्षा चांगला. आणि प्रक्षेपण? काहीच नाही, सगळी शक्ती उष्णता होऊन जाते. लांब आणि हलक्या दर्जाच्या केबलचेही तसेच. पातळ आरजी-५८ केबल ३० मीटर वापरली तर १०० मेगाहर्ट्‌झच्या सुमारास दोन-तृतीयांश शक्ती वाटेतच जिरते. अँटेनाकडून परत आलेली लहरही येताना तशीच जिरते, त्यामुळे खालच्या मीटरवर सारे आलबेल दिसते. मीटर सांगतो ते एवढेच की विरोध परत आला नाही. विरोध न येण्याची दोन कारणे असू शकतात: शब्द पुढे गेला, किंवा तो वाटेतच विझला. ज्या धर्मसभेत कोणी शंका काढत नाही, तिथेही हीच दोन कारणे संभवतात, आणि आतून ती ओळखू येत नाहीत. म्हणून जाड, कमी ऱ्हासाची केबल घ्यायची आणि एसडब्ल्यूआर शक्यतो अँटेनाच्या तोंडाशीच मोजायचा.

जुळवणी कार्यशाळेत पुरी होत नाही. जवळचा पत्रा, मनोरा, इतकेच नव्हे तर नळी कापणाऱ्याचा हात आणि शरीर यांनीही अनुनाद सरकतो. अँटेना जिथे उभा राहणार तिथे, त्याच उंचीवर, माणसांनी बाजूला होऊन वाचन घ्यावे लागते. केबलच्या बाह्य जाळीवरून प्रवाह परत उतरू लागला तर केबलच प्रक्षेपण करू लागते आणि ठरवलेला आकार बिघडतो. तो रोखायला अँटेनाच्या तोंडाशी केबलचे काही वेढे किंवा फेराइटची कडी घालतात. दांडीसारख्या ठिकाणी खारी हवा हा स्वतंत्र विषय आहे. ॲल्युमिनियमच्या नळीला लोखंडी बोल्ट लावला तर सांधा लवकर खातो. स्टेनलेस बोल्ट, सांध्यावर पाणी न शिरू देणारी टेप आणि जोडणीच्या ठिकाणी मिठाचा थर धुऊन काढणे एवढे तरी लागतेच.

उरला श्रोता. मीमांसकांच्या मते शब्द नित्य आहे, सर्वत्र आहे. उच्चार तो निर्माण करीत नाही, प्रकट करतो, आणि तो ज्याच्या कानावर संस्कार झाला त्यालाच ऐकू येतो. ध्वनीबद्दल हे मत नैयायिकांनी खोडले, पण रेडिओचा श्रोता वैशेषिकांपेक्षा मीमांसकांच्या श्रोत्याशी अधिक जुळतो: लहर घरातून जातेच, ऐकू मात्र येते ती संच लावून काटा त्या जागी आणणाऱ्याला. ध्वनिवर्धकाचे तसे नाही. त्याला ऐकणाऱ्याची संमती लागत नाही, आणि प्रार्थना ध्वनिवर्धकावरून करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट २००० मध्ये सांगावे लागले. एफएमचा आणखी एक गुण इथे नोंदवायला हवा. एकाच वारंवारितेवर दोन केंद्रे आली तर जुन्या मध्यमलहरींवर दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात. एफएम संच जो जोरकस असेल त्यालाच धरतो आणि दुसऱ्याला जवळजवळ पुसून टाकतो. उन्हाळ्यात समुद्रावर हवेचे उष्ण-थंड थर बसले की दूरच्या किनाऱ्यावरचे एखादे केंद्र होडीवरच्या संचात असेच शिरू शकते आणि जवळचा क्षीण आवाज नाहीसा होतो. दुर्बळाचे थोडे तरी ऐकू येईल, ही आशा या पद्धतीत धरता येत नाही. म्हणून आवाक्याच्या काठावरच्या श्रोत्यासाठी थोडी शक्ती राखून ठेवण्याचा आग्रह रास्त आहे.

मुकी दिशा कुठे पडली आहे हे प्रक्षेपकाच्या खोलीतून कळत नाही. तिथला मीटर फक्त परत आलेल्याची बातमी देतो. ती शोधायला साधा रेडिओ घेऊन बाहेर पडावे लागते: बोईसर स्थानकाबाहेर, नवापूरच्या किनाऱ्यावर, पाड्यावरच्या घरात आणि होडीवर, किनाऱ्यापासून एकेक किलोमीटर दूर जात. प्रत्येक ठिकाणी आवाज कसा आहे, काडी कशी धरली होती आणि वेळ कोणती होती, एवढे नकाशावर टिपले की अँटेनाचा खरा आकार उमटतो, आणि तो पुस्तकातल्या गोल आकृतीसारखा क्वचितच असतो. पश्चिमेला खोबण दिसली तर आधी मनोरा आणि केबल तपासायची, मग अँटेनाची जागा बदलायची, आणि शक्ती वाढवण्याचा विचार सर्वांत शेवटी. मासेमारी बंदी संपून होड्या पाण्यात उतरल्या की ही फेरी पुन्हा करावी लागते, कारण मधल्या काळात सांधे गंजलेले असतात आणि मनोऱ्याच्या आसपास नवे पत्रे चढलेले असतात.